वैशू, मुलाखतीत हेच सांग

धनकवडी, पुणे
रविवार, रात्र

प्रिय वैशू,

'नर्सच्या मुलाखतीत अवघड पेशंट कसा सांभाळाल म्हटलं की मी शांत राहीन एवढंच सुचतं,' असं तू फोनवर म्हणालीस. अगं, तेवढं सगळ्याच जणी सांगतात. शांत राहून तू केलंस काय, ते मेट्रनला, म्हणजे मुख्य नर्सला, ऐकायचं असतं.

माझ्या पहिल्या नोकरीतली एक नाइट सांगते. सत्तरीचे आजोबा, कमरेत स्पायनलची भूल देऊन हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. रात्री दोनला त्यांनी सलाईन उपटलं, मावशींना शिव्या दिल्या, माझ्यावर हात उगारला. ड्यूटी घेताना हँडओव्हरमध्ये 'पेशंट त्रास देतो' एवढंच कळलं होतं, म्हणून मीही आवाज चढवला. मग शुगर पाहिली, ऑक्सिजन पाहिला, दोन्ही ठीक. चादर सारखी करताना बेंबीखाली हात लागला, तर पोट दगडासारखं ताठ! ऑपरेशनपासून लघवीच झालेली नव्हती आणि चार्टवरचा तो रकाना कोरा. डॉक्टरांना उठवलं, लघवीची नळी, कॅथेटर, घातला, पिशवीत 900 मिली आले. पाच मिनिटांत आजोबा शांत झोपले. मी त्यांच्यावर ओरडले, याची लाज मला अजून वाटते.

म्हणून आधी शरीर तपासते असं सांग. शुगर 70 च्या खाली गेली, ऑक्सिजन किंवा सोडियम उतरलं, ताप चढला, वेदना असह्य झाल्या, तरी शांत माणूस अंगावर येतो. म्हातारी माणसं तर रात्री पार बरळायला लागतात. हातपाय बांधणं अगदी शेवटी, तेही डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरशिवाय नाही.

नातेवाईकांबद्दल विचारतीलच. बाजूला नेऊन बसवते, आधी त्यांचं ऐकते, म्हणावं. बहुतेकांना पेशंटचं काय चाललंय हे कुणी सांगितलेलंच नसतं. हाणामारीची चिन्हं दिसली तर एकटी थांबायचं नाही, दार आपल्या बाजूला ठेवायचं, सिक्युरिटीला बोलवायचं. महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे, डॉक्टर-नर्सवर हल्ला अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होते. माहीत असू दे, पण उत्तराची सुरुवात त्याने करू नकोस.

आणि माझी गोष्ट सांगू नकोस, तुझी सांग. मिरजेला गोळ्या थुंकणारी ती आजी आठवते? सगळे तिला हट्टी म्हणायचे. तिला गिळता येत नाही हे तूच ओळखलंस, डॉक्टरांना सांगून सिरप लिहून घेतलंस. याहून चांगलं उत्तर कुठलं?

मंगळवारी स्वारगेटला उतरलीस की फोन कर, मी घ्यायला येते. जेवणं झाली की मी चिडलेली नातेवाईक होते, तू मला समजाव.

तुझीच,
मंजू