मानेच्या व्यायामाचीही मात्रा लिहून द्या

संपादक महोदय,

जुनाट मानदुखीच्या रुग्णाला शेक, गोळ्या आणि शेवटी एक छापील कागद मिळतो: मान वर-खाली, डावी-उजवी, दहा-दहा वेळा. पंधरवड्यात कंटाळा येतो, दुखणं जागचं हलत नाही आणि 'व्यायाम करून पाहिला, उपयोग नाही' असा शिक्का बसतो. गोळी किती मिलिग्रॅमची, दिवसातून कितीदा, किती दिवस, हे चिठ्ठीवर असतं. व्यायामाखालीही आवर्तनं, सेकंद, आठवड्यातले दिवस, भार कधी वाढवायचा आणि पुन्हा कधी दाखवायचं, हे लिहिलं गेलं पाहिजे.

नुसती मान फिरवून आखडलेपण थोडा वेळ सुटतं, ताकद येत नाही. मानेच्या पुढच्या बाजूला, अन्ननलिकेच्या मागे मणक्यांना बिलगून असलेले खोल स्नायू मान स्थिर ठेवतात. तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यात अनेकांचे हे स्नायू सुस्तावतात आणि त्यांचं काम वरवरच्या स्नायूंवर पडतं. कानामागून छातीच्या हाडापर्यंत उतरणारा जाड स्नायू त्यातलाच. म्हणून सुरुवात आतल्या स्नायूंपासून करावी.

उताणं झोपून गुडघे दुमडावेत. डोक्याखाली टॉवेलची घडी अशी ठेवावी की कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील. मग 'हो' म्हणताना हलवतो तितकीच हनुवटी गळ्याकडे न्यावी. डोकं उचलायचं नाही आणि मागे दाबायचंही नाही. 10 सेकंद धरून सोडायचं, असं 10 वेळा, श्वास चालू ठेवून. दोन बोटं गळ्याच्या बाजूला ठेवावीत. दोरीसारखी ताठ शीर हाताला लागली तर जोर जास्त झाला, तो निम्मा करावा. बरेचजण इथे दात आवळतात. ओठ मिटून दातांत फट ठेवली की ते टळतं. दवाखान्यात मानेखाली हवेची पिशवी ठेवून हे मोजताही येतं: पाऱ्याच्या 20 मिलिमीटर दाबापासून दोन-दोनने 30 पर्यंत. हा व्यायाम दिसायला इतका किरकोळ आहे की रुग्ण तो सोडून थेट वजनं उचलायला जातात, आणि दुखणं उसळतं.

तो नीट जमला की भार द्यायचा. कपाळावर तळवा टेकवून मान न हलवता हलका विरोध करावा. तसाच मागून आणि दोन्ही बाजूंनी. आधी पूर्ण ताकदीच्या पाव भागाइतकाच जोर, 6 ते 10 सेकंद. पुढे रबरी पट्टा. तो छातीच्या उंचीवर पक्का अडकवून कोपरं मागे ओढावीत, खांद्याची पाती एकमेकींकडे आणि किंचित खाली न्यावीत. खांदे कानांकडे चढले तर पट्टा जड आहे असं समजावं. 10 ते 12 आवर्तनांचे दोन संच, एक दिवसाआड. शेवटची दोन-तीन आवर्तनं कष्टाची वाटली पाहिजेत. लागोपाठ दोन वेळा 15 सहज झाली की पुढचा जाड पट्टा घ्यावा.

फिनलंडमध्ये कार्यालयात काम करणाऱ्या, जुनाट मानदुखीच्या 180 स्त्रियांवर झालेला अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर ताकदीचे किंवा दमाचे व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांचं दुखणं, फक्त ताण देणं आणि चालण्या-पोहण्यासारखे व्यायाम सांगितलेल्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी होतं. मुख्य म्हणजे तो कार्यक्रम वर्षभराचा होता. निदान 10 ते 12 आठवडे दिल्याशिवाय निकाल लावू नये. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून थांबणाऱ्यांचं दुखणं परत येतं, कारण स्नायू तोवर बळावलेलेच नसतात.

व्यायामानंतर थोडं दुखलं म्हणून घाबरू नये. असह्य वेदनेला दहा गुण धरले तर तीन-चारपर्यंतचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मूळपदावर येणारं दुखणं चालतं. त्याहून जास्त टिकलं तर पुढच्या वेळी आवर्तनं निम्मी करावीत, बंद करू नयेत. एक्स-रेमधल्या 'झिजे'मुळे व्यायाम टाळणंही चुकीचं. तशी झीज काहीही दुखत नसलेल्या असंख्य माणसांतही दिसते. मानेचा पट्टा महिनोन् महिने बांधणं तर आम्हाला अजिबात पटत नाही. त्याने स्नायू आणखी अशक्त होतात.

काही वेळा मात्र आधी डॉक्टर, मगच व्यायाम. हाताची ताकद कमी होणं किंवा बधिरपणा वाढत जाणं, बटण लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप, विनाकारण घटणारं वजन, अपघातानंतरची मानदुखी, किंवा मानदुखीबरोबर अचानक दोन-दोन दिसणं, चक्कर, जीभ जड होणं. यांतलं अचानक दोन-दोन दिसणं, चक्कर, जीभ जड होणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं दिसलं तर त्याच तासाला रुग्णालय गाठावं.

— व्यायामोपचाराचं काम करणारे फिजिओथेरपिस्ट