मोजणीवाले येऊन गेले

कॅम्पबेल बे
ग्रेट निकोबार
श्रावण

प्रिय बाळ्या,

तुझे मेसेज वाचतो, अंगठा दाखवतो आणि मोबाईल ठेवून देतो, हे तुला कळलंच असेल. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. समुद्राखालून केबल आल्यापासून फोन पूर्वीइतका तुटत नाही, पण फोनवर तू मध्येच सल्ला द्यायला लागतोस, म्हणून कागद घेतला. माझी तब्येत ठीक, गुडघे त्यांच्या जागी दुखतात. आई वयाप्रमाणे.

तर नव्या विमानतळासाठी जमिनीची मोजणी आली. आपल्या शास्त्रीनगरात. तिकाटण्यावरची दुर्बीण, टेप, लाल रंगाचा डबा, सगळा लवाजमा. म्हणाले, हद्द दाखवा. मी दाखवली. म्हणजे वर उरली आहे तेवढी दाखवली, बाकीच्यावर भरती होती. त्यातला एक पोरगेला, लखनौकडचा असावा, कागद पुन्हा पुन्हा बघत म्हणाला, "अंकल, बाकी ज़मीन कहाँ है?" मी समुद्राकडे बोट केलं. तो हसला. मी हसत नाहीये हे लक्षात आल्यावर गप्प झाला.

त्याला काय सांगायचं? 2004 साली तो शाळेत तरी जात होता की नाही कुणास ठाऊक. साडेसहाला जमीन हलली आणि त्यानंतर हे सगळं बेटच खाली बसलं, दक्षिण टोकाला इंदिरा पॉइंटला तर चार मीटरच्या वर. तिथला दीपस्तंभ पाण्यात उभा आहे तो काही हौसेने नाही. कागद मात्र जागचा हलला नाही. त्यावर आमच्या आबांची जमीन अजून पूर्ण आहे, माडांसकट.

आता मोबदला कागदावरच्या जमिनीचा की पायाखालच्या, हे कुणीच धड सांगत नाही. एक साहेब म्हणाले, "देखते हैं." आपल्या बेटावर 'देखते हैं' म्हणजे काय ते तू जाणतोस. शाळेच्या छपराचंही देखतेच होते.

पण मला झोप लागत नाही ती पैशामुळे नाही. सांगतो, पण हसू नकोस.

हल्ली इथे दोन प्रकारची माणसं उतरतात. एक कॅमेरा घेऊन येतात, दुसरी हेल्मेट घालून. कॅमेरेवाला विचारतो, जंगल वाचायला हवं ना? हेल्मेटवाला विचारतो, विकास हवा ना? दोघांनाही मी मान डोलावलेली हवी असते. गलाथियाच्या खाडीत मोठ्या जहाजांचं बंदर, आपल्या गांधीनगर-शास्त्रीनगरच्या पट्ट्यात विमानतळ, शिवाय वीजघर आणि नवं शहर. खर्च 72,000 कोटींच्या पुढे. त्यासाठी 130 चौरस किलोमीटर जंगल जाणार, म्हणजे बेटाचा जवळपास सातवा हिस्सा. झाडांचा सरकारी अंदाजच साडेनऊ लाखांच्या वर आहे. आणि त्या बदल्यात झाडं कुठे लावणार म्हणतात, माहीत आहे? हरयाणात! आपला सरदार दुकानदार हे ऐकून इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. म्हणाला, आम्ही तिकडून इकडे आलो, आता झाडं इकडून तिकडे जाणार, हिसाब बराबर.

मी मात्र त्या कॅमेरेवाल्यासमोर तोंड उघडलं आणि अडलो. कारण आबा आठवले. कुऱ्हाड घेऊन. त्या 330 फौजी कुटुंबांत आपली दोन. पंजाबी, तमिळ, मल्याळी, तेलुगू आणि आपण, सगळ्यांच्या बापांनी इथे येऊन काय केलं? जंगल तोडलं. एकेका बुंध्याला किती दिवस लागायचे ते तुझे अण्णा रंगवून सांगायचे आणि आपण तोंड उघडं टाकून ऐकायचो. ती झाडं कुणी मोजली नव्हती. जमीन आधी कुणाची होती हे विचारायचं तर कुणाच्या डोक्यातही आलं नाही. इथले मूळचे जंगलवासी शोंपेन आत सरकले, झालं. आणि निकोबारी? त्सुनामीनंतर पश्चिम किनाऱ्यावरून त्यांना कॅम्पबेल बेजवळ आणून ठेवलं, ते अजून आपल्या जुन्या गावांना परत जायचं म्हणतात. 2022 साली त्यांच्या आदिवासी कौन्सिलने या प्रकल्पाला दिलेली संमती मागे घेतली. त्यांना ते शोभतं. मी कुठल्या तोंडाने बोलू? मी त्या जागी जन्मलो, एवढाच माझा हक्क.

बरं, हेल्मेटवाल्याला तरी 'नको' म्हणावं, तर ताईची वेळ आठवते. हवा खराब म्हणून हेलिकॉप्टर आलं नाही, जहाज निघून गेलं होतं. पुढचं तुला सांगायला नको, तू जेटीवर माझ्या शेजारी होतास. चांगला दवाखाना मला हवाय रे. कॉलेज हवंय. पोर्ट ब्लेअर (आता श्रीविजयपुरम म्हणायचं, जीभ वळत नाही) लांब आणि सुमात्रा जवळ, अशा ठिकाणी किती पिढ्यांनी आजारी पडायचं? पण दवाखान्यासाठी एवढं मोठं बंदर लागतं, हे गणित मला सुटत नाही. तू गणितात हुशार होतास. कॉपी करून का होईना.

वाडीच्या मागचा ढिगारा आठवतो? मेगापोडचा. आबांची 'जंगली मुर्गी'. त्सुनामीत जुना गेला, पण नंतर थोडं वर एका जोडीने नवा घातला. माती, वाळू, कुजका पाला, सगळं पायांनी मागे उकरत आणतात. मी परवा कोपरापर्यंत हात घातला, आत ऊब होती. बाहेर धो धो पाऊस आणि आत पाला कुजून जमिनीला ताप आल्यासारखा. अंड्यावर बसायचं नाही, काही नाही, पिल्लू आपलं आपण उकरून बाहेर येतं आणि जंगलात पळतं. जगात हा पक्षी फक्त निकोबारात. मोजणीवाल्यांनी त्यांचा खुंटा नेमका त्या ढिगाऱ्यावर ठोकला. उंच जागा दिसली म्हणून. वाईट हेतू नव्हता त्यांचा. मी खुंटा काढून हातभर बाजूला ठोकला. म्हणजे सरकारी नकाशात आता आपली हद्द हातभर चुकीची आहे. तू मला हद्दीवरून शिकवू नकोस, तुझ्या अण्णांनी बांधावरच्या त्या एका माडासाठी आबांशी वर्षभर अबोला धरला होता. माड आमचाच होता.

गलाथियाला कासवं येतात अजून. किनारा वाहून गेला होता तेव्हा वाटलं संपलं, पण वाळू परत आली तशी तीही आली. तिथलं अभयारण्य 2021 साली रद्द केलंय, हे त्यांना कोण सांगणार?

तू गेलास तेव्हा मी तुला पळपुटा म्हटलं होतं. ते मी अजून मागे घेतलेलं नाही. तूही मला 'खेकडा, नारळाला चिकटलेला' म्हणालास, तेही चालू ठेव. फक्त एवढं सांग, तू इथे असतास तर सही केली असतीस का? वहिनींसमोर देशील ते उत्तर नको, खरं सांग.

धाकटीचं ठरलं हे ऐकून बरं वाटलं. मुलगा काय करतो ते नीट कळलं नाही, संगणकातलंच काहीतरी असेल. हॉल लवकर धर. साखर तपासलीस का? तपास.

आता मुद्दा. मोजणीच्या यादीत अण्णांचंही नाव आहे. वारस म्हणून तुला बोलावणं येईल. लखनौकडचा पोरगा मला विचारत होता, "आप ही साइन कर दीजिए, पड़ोसी हैं." मी सांगितलं, शेजारी आहे, वारस नाही. तुझ्या वतीने मी कशावरही सही करणार नाही, होकाराची नाही आणि नकाराचीही नाही. तू स्वतः ये. अण्णांच्या काळ्या ट्रंकेत तळाला जमीन मिळाल्याचा मूळ हुकूम असेल, नकाशासकट. आमचा पाण्यात गेला. तुमच्या नकाशावर दोन्ही प्लॉट शेजारी दाखवलेले असणार, तो मला फार उपयोगी पडेल. त्याचा फोटो आज काढून पाठव, मूळ कागद येताना आण, आणि लॅमिनेट करू नकोस, तुला ती खोड आहे.

तुझा,
खेकडा

ता. क. जहाजाची तारीख लागली की कळवतो, त्याआधी विमानाचं तिकीट काढू नकोस. उलटीच्या गोळ्या घे. मागच्या वेळी तू डेकवर जे केलंस ते ज्या मद्रासी काकूंच्या सामानावर केलंस, त्या अजून तुझी चौकशी करतात.