विज्ञान संग्रहालयात जायचंय ना? मग हे वाच

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

मुलं लहान, काकूंचे गुडघे दुखतात, अशा सगळ्यांना घेऊन त्या मोठ्या विज्ञान संग्रहालयात जावं का, असं तू फोनवर विचारलंस. मी 'डोळे मिटून जा' म्हणालो खरं, पण एवढ्यावर भागत नाही. कसं जायचं हे सांगायलाच हवं, कारण तसं गेलं नाही तर दिवस नुसता बटणं दाबण्यात जातो.

आमचंही आधी तेच चाललं होतं. पहिल्या दालनात पोरं सुसाट सुटली. एक बटण दाबायचं, दिवा लागला की पुढचं. पाहिलं काहीच नाही. मग मीनलने एक नियम घातला: हात लावायच्या आधी काय होईल ते सांगायचं, मगच हात लावायचा. सुहास, या एका नियमाने सगळा दिवस पालटला.

तिथे एक उतरतं लाकडी चौकट होतं, त्यावर दोन रूळ. दोन शंकू बुडाशी जोडून केलेला एक लाकडी तुकडा त्यावर ठेवायचा. थोरल्याने छाती ठोकून सांगितलं, खाली घरंगळणार. तुकडा चढाच्या दिशेने निघाला! त्याने उचलून परत ठेवला, परत तेच. मग तो गुडघ्यावर बसला, डोळे रुळांच्या पातळीला आणले आणि बराच वेळ बाजूने बघत राहिला. मी तोंड उघडणार तेवढ्यात मीनलने मला कोपराने ढोसलं. शेवटी त्याचं त्यालाच दिसलं: वरच्या टोकाला रूळ एकमेकांपासून लांब जातात, त्यामुळे शंकू त्यांच्यामध्ये रुतत जातो. म्हणजे रूळ चढतात, पण शंकूचा मधला भाग प्रत्यक्षात खालीच येतो. मी समजावलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि पुढे पळाला असता.

बाबांचं मात्र तुला खास सांगायचंय. हल्ली त्यांना गर्दीत काही ऐकू येत नाही, म्हणून चारचौघांत ते गप्पच बसतात. दालनाच्या दोन टोकांना माणसाएवढ्या दोन खोलगट तबकड्या समोरासमोर उभ्या होत्या. धाकटी एका तबकडीपाशी, बाबा दुसरीपाशी. मधून शाळेची पोरं आरडाओरडा करत जात होती. धाकटी तबकडीच्या नाभीशी, म्हणजे तिच्यासमोरच्या एका ठरावीक बिंदूशी, तोंड नेऊन कुजबुजली आणि पलीकडे बाबा एकदम हसले. 'आबा, तुमच्या खिशातली गोळी मला द्या' हे त्यांना शब्दन् शब्द ऐकू आलं होतं. तबकडीचा आकार अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोला नावाच्या वक्र रेषेचा असतो. नाभीपासून निघालेला आवाज तिच्यावर आपटून समांतर निघतो, समोरची तबकडी तो गोळा करून पुन्हा एका बिंदूवर आणते. कान नेमका तिथे हवा. जरा सरकलं की आवाज गेला. दोघं किती वेळ बोलत होती, विचारू नकोस. आम्ही हलवलं नाही.

फूकोचा लंबक काकूंना आवडेल, शेजारी बसायला बाकंही होती. लांब तारेला टांगलेला जड गोळा संथ झुलतो, भोवती खुंट्या उभ्या केलेल्या असतात आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक खुंटी पडते. गोळ्याची झुलण्याची दिशा हळूहळू वळताना दिसते, ती आपल्या पायाखालची पृथ्वी फिरते म्हणून. १८५१ साली पॅरिसच्या पँथिऑनमध्ये लेओं फूकोने ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगून हे लोकांना दाखवलं होतं. तिथे पूर्ण फेरीला साधारण ३२ तास लागतात. ध्रुवावर एक दिवस पुरेल, विषुववृत्तावर दिशा बदलणारच नाही. मुलांना मात्र इथे फार थांबवू नकोस, त्यांना कंटाळा येतो.

क्लाउड चेंबर चुकवू नकोस. काचेची पेटी, तळ खूप थंड केलेला, आत अल्कोहोलची वाफ. अंधारात टक लावून पाहिलं की पांढऱ्या धाग्यासारख्या रेषा उमटतात आणि लगेच विरतात. त्यातल्या कितीतरी म्यूऑन नावाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म कणांच्या वाटा असतात. अंतराळातून आलेले कण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळले की म्यूऑन तयार होतात. सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी साधारण दोन भागांत ते नष्ट होतात. तेवढ्या वेळात जेमतेम काही शे मीटर जायला हवेत, पण प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावत असल्यामुळे आपल्या दृष्टीने त्यांचा काळ संथ चालतो आणि ते जमिनीपर्यंत पोचतात. आपल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक म्यूऑन आरपार जातो. हे सांगितल्यावर धाकटी बराच वेळ तळहात उलटासुलटा करून बघत होती.

काही वस्तू मला अजिबात पटल्या नाहीत. बटण दाबलं की पडद्यावर फिल्म सुरू होते, एवढंच असेल तर त्यात आपण काय केलं? माणसाने काही बदलावं आणि त्याने निकाल बदलावा, तोच खरा प्रयोग. फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय काढलं ते याच विचाराने. अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपेनहायमर यांचे हे धाकटे भाऊ, स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. राजकीय चौकशीपायी विद्यापीठातली नोकरी गेली, तेव्हा त्यांनी गुरं पाळली, पुढे शाळेत शिकवलं. मुलांच्या हातात वस्तू देण्याचं महत्त्व त्यांना तिथेच उमगलं असावं, असं मला फार वाटतं.

आता कामाचं. दार उघडतानाच पोचा आणि सरळ सगळ्यात आतल्या दालनात जा. गर्दी दारापासून भरत येते. सगळं बघायचा हट्ट धरू नकोस, निम्मं राहिलं तरी राहू दे. मूल एखाद्या जागी रमलं तर त्याला ओढू नकोस, मोठ्यांनी आळीपाळीने पुढे जावं. काकूंसाठी चाकाची खुर्ची मिळते का ते आधीच विचारून ठेव. आणि शाळांच्या सहलींचे दिवस टाळता आले तर टाळ.

तारीख ठरली की कळव. वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग दंडवत, मुलांना गोड पापा.

तुझा,
अविनाश