बटण दाबलं की नांगर वर? जरा थांबा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत शिडाच्या बोटींवरचा लेख वाचला, फोटो झकास होते, नौदलाच्या दिलीप दोंदेंनी २००९-१० मध्ये एकट्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेचा उल्लेख बघून बरं वाटलं, पण बटण दाबलं की नांगर आपोआप वर येतो हे जे एका ओळीत उरकलंय तिथे मी अडलो. येतो ना, यंत्र नवीन असेपर्यंत येतो.

वडोदऱ्यात बसून हा बोटींबद्दल काय सांगणार असं म्हणाल. बरोबर आहे, आमच्या विश्वामित्रीत मगरी आहेत, शिडाच्या बोटी नाहीत. पण माझं सगळं आयुष्य मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, गिअरबॉक्स उघडण्यात गेलंय आणि भाच्याची बोट मुंबईला असते, त्यामुळे तिचा विंडलास, म्हणजे नांगराची साखळी ओढणारं यंत्र, दुरुस्तीला आमच्याच टेबलावर येतं.

आत फार काही नसतं. मोटर, वर्म गिअर, एक शाफ्ट, त्यावर जिप्सी म्हणजे साखळीच्या कड्या बसायला खाचा असलेलं चाक, आणि त्या चाकाला दोन बाजूंनी धरणारे क्लचचे कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचे तुकडे. लिफ्टचा गिअरबॉक्स ज्याने उघडलाय त्याला यात नवीन काही नाही. खरी डोकेदुखी खोलताना होते, कारण बॉडी अॅल्युमिनियमची, बोल्ट आणि शाफ्ट स्टेनलेसचे, आणि वर खारं पाणी, मग अॅल्युमिनियम झिजत, खाल्लं जातं, पांढरी भुकटी फुगून बसते आणि बोल्ट असा धरतो की पाना वाकेल पण तो हलणार नाही. इथे बरेच जण हातोडा उचलतात. नका उचलू. आधी जंग सोडवणारं तेल टाकून दोन-तीन दिवस विसरून जा, मग हॉट एअर गनने बॉडी तापवा, बोल्ट नाही. अॅल्युमिनियम तापल्यावर स्टेनलेसच्या जवळजवळ दीडपट पसरतं, तेवढ्यात पकड सुटते. शाफ्टवर ठोकायलाच लागलं तर नट टोकापर्यंत फिरवून ठेवा आणि लाकडाचा तुकडा मध्ये धरा, नाहीतर आटे चेपले की नवीन शाफ्टच शोधत बसा.

गिअरचं तेल दुधाळ निघालं तर पाणी आत गेलंय, म्हणजे ऑइल सील, शाफ्टभोवती तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी कडी, संपलं. पण त्यासाठी परदेशातून किट मागवून महिनाभर वाट बघायची गरज बहुतेक वेळा नसते. सीलवर साइज छापलेली असते, बेअरिंगवर नंबर असतो, दोन्ही आपल्या बाजारात मिळतात. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये जिथे कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय काढलं त्या गावात सील मिळणार नाही तर कुठे मिळणार!

जोडताना मात्र घाई नको, आमचा कारागीर दर वेळी "थई जशे", होऊन जाईल, म्हणतो आणि मी दर वेळी त्याला थांबवतो. सीलची स्प्रिंगवाली बाजू तेलाकडे. शाफ्ट सरकवताना चावीच्या (शाफ्टला चाक अडकवणाऱ्या पट्टीच्या) खाचेवर टेप गुंडाळायची, नाहीतर खाचेची धार नवं कोरं सील आत जातानाच कापते आणि ते कळतं थेट समुद्रात. शिम, म्हणजे फट भरणाऱ्या पातळ चकत्या, ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने परत, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कोनला ग्रीसचा नुसता हात फिरवायचा, थापायचं नाही, नाहीतर क्लच घसरतो. आणि स्टेनलेसचा प्रत्येक बोल्ट अॅल्युमिनियममध्ये जाण्याआधी लॅनोलिन किंवा टेफ्लॉनची पेस्ट लावूनच. तांब्याचं ग्रीस अजिबात नको, त्याने अॅल्युमिनियम आणखी जोरात खाल्लं जातं.

आता मुळात हे यंत्र बिघडतं कशामुळे, ते लेखात यायला हवं होतं. १० मिमीची साखळी मीटरला साधारण सव्वादोन किलो असते. १० मीटर पाण्यात सरळ लोंबणारी साखळी आणि २० किलोचा नांगर धरला तरी पन्नास किलोच्या आतच. एवढ्यासाठी १००० वॅटची मोटर जळायला नको. पण लोक इंजिन न चालवता, वाऱ्याविरुद्ध आख्खी बोट या यंत्राने ओढतात, रुतलेला नांगरही त्यानेच उपटतात, आणि रात्रभर बोटीचा भार जिप्सीवरच सोडून झोपतात. इंजिनने बोट हळूहळू पुढे न्यायची, साखळी सैल झाली की तेवढीच गोळा करायची. रात्री भार चेन स्टॉपरवर, म्हणजे साखळी अडवून धरणाऱ्या खटक्यावर, आणि लाटेचा हिसका खायला नायलॉनचा दोर. यंत्राचं काम उचलण्याचं आहे, धरून ठेवण्याचं नाही.

वायरचंही तेच. १२ व्होल्टवर १००० वॅट म्हणजे ८० अँपिअरच्या वर, बॅटरी मागे आणि मोटर पार पुढच्या टोकाला, जायची-यायची मिळून लांबी दुप्पट. वायर बारीक असली किंवा टर्मिनल हिरवं पडलं की मोटरला पुरेसा व्होल्टेज पोचतच नाही, मोटर गरम होते आणि लोक गिअरबॉक्स खोलून बसतात. आधी भार असताना मोटरच्या टर्मिनलवर मीटर लावून बघा, बरेच वेळा यंत्र खोलायचीच गरज पडत नाही.

आमच्याकडच्या खंभातच्या आखातात तर आणखी गंमत, भावनगरला भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या आसपास जातो. ओहोटीची खोली मोजून तिच्या पाचपट साखळी सोडली तर भरतीला ती पाचपट राहतच नाही. वर तिथला गाळ साखळीबरोबर जिप्सीत येतो आणि खाचा घासतो, म्हणून साखळी वर घेतानाच धुवायची.

पावसाळ्यात मुंबईकडच्या बऱ्याच बोटी बाहेर काढलेल्या असतात, यंत्र उतरवायला तीच वेळ चांगली. आणि पुरवणीत पुढच्या वेळी सूर्यास्ताचा एखादा फोटो कमी करून चेन स्टॉपरचा छापलात तर बरं होईल.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा