पाडव्याला येत नाही, त्याविषयी

एडिसन, न्यू जर्सी
8 फेब्रुवारी 2026

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते आहे. पाडव्याला मी येत नाही. तिकीट परवाच रद्द केलं. आई, तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी जवळ नसणार, हे लिहितानाही हात जड झालाय. पण आधी सगळं ऐकून घ्या, मग हवं तेवढं रागवा.

माझ्या एच-वन-बीच्या, म्हणजे इथल्या कामाच्या व्हिसाच्या, मुदतवाढीच्या अर्जावर इमिग्रेशन खात्याने जादा पुरावे मागितलेत. याला इथे आरएफई म्हणतात. हा नकार नाही, घाबरू नका. आमचं औषधसाठ्याचं सॉफ्टवेअर कंपनीचं स्वतःचं आहे, त्यामुळे बाहेरच्या गिऱ्हाइकाचा करार दाखवता येत नाही. म्हणून ते विचारतात की प्रकल्प खरंच चालू आहे का, खर्च किती, पैसा कुठून येतो, माणसं किती. नोटीस 14 जानेवारीची, मुदत 84 दिवसांची, म्हणजे 8 एप्रिल. उत्तर एकदाच द्यायचं. अर्धे कागद आज आणि उरलेले मागाहून, असं चालत नाही.

बाबा, तुम्हाला हे लगेच कळेल. अर्जात खर्चाचा एकच ठोक आकडा दिला होता. आता मी आणि अकाउंटवाले तो फोडतोय : पगार, सर्व्हरचं भाडं, लायसन्स, चाचण्या. परवा रात्री साडेअकराला दोन तक्त्यांची बेरीज जुळेना. शेवटी सापडलं, एकात सर्व्हरचं भाडं महिन्याचं धरलं होतं, दुसऱ्यात वर्षाचं. तेव्हा तुमची एमबी, ती मोजमापांची वही, आठवली. खाडाखोड नाही, चुकलं तर एक रेघ, शेजारी सही आणि तारीख. कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये तुम्ही डीएसआर, ते सरकारी दरांचं पुस्तक, उघडून अंदाजपत्रकं करायचात आणि मी शेजारी पालथी पडून तुमच्या उरलेल्या ट्रेसिंग पेपरवर घरं काढायची. आई दुधाचा पेला आत आणू द्यायची नाही, बाबांच्या कागदांवर सांडेल म्हणून. त्याच खोलीत झोप लागायची मला, आणि सकाळी जाग यायची ती आईच्या गोधडीत.

उत्तर देऊन मग ये, असं म्हणाल. पण पासपोर्टवरचा माझा व्हिसाचा शिक्का संपलाय, आणि निकालाआधी बाहेर पडले तर परत येणं अडकू शकतं. त्यात सप्टेंबर 2025 च्या हुकमाने देशाबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नव्या अर्जावर 1 लाख डॉलर लावलेत. एवढे पैसे कंपनी माझ्यासाठी भरेल असं मला वाटत नाही. इथेच राहिले, तर जुनी मुदत संपली तरी 240 दिवसांपर्यंत काम करता येतं, पगार थांबत नाही. वकीलबाईंना मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, विमानात बसू नका. तुमच्यापेक्षा नोकरी मोठी, असं मनातही आणू नका.

ताईने पंधरा दिवसांची रजा टाकली आहे. दिवसा मावशी येतील, त्यांच्याशी बोलून झालंय. पैसे बाबांच्या खात्यात जमा केलेत, दवाखान्याचं बिल भागून उरतील. ते उरलेले एफडीत टाकायचे नाहीत.

आई, आता नीट ऐक. पलंग खालच्या खोलीत घ्या. मोरीतलं पायपुसणं आजच उचल. ऑपरेशनआधी साखर तपासायची आहे, तेव्हा हळदीकुंकवाचे लाडू 'एवढासाच' म्हणूनही नकोत. माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढायचं नाही, पाडव्याची भांडी ताई काढेल. बाबा, तुमची बीपीची गोळी आईच्या काळजीत विसरू नका, आणि गुढी उभारायला शेजारच्या मुलाला बोलवा, गच्चीच्या कठड्यावर वाकू नका.

निकाल लागला की मुंबईच्या वकिलातीतल्या शिक्क्याची तारीख शोधायला घेते.

ऑपरेशन झाल्यावर, डॉक्टर उभं राहायला सांगतील त्या दिवशी, वॉकर घेऊन खोलीत फेऱ्या मारताना ताईला फोन धरायला सांग. तुमची रात्र असो की दिवस, मी जागी असेन. पावलं मी इथून मोजते.

तुमची,
चिमी