बर्डीच्या टेकडीवर आपल्या माणसांचा एक दगड तरी लावा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी महालात राहतो, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालो. यंदा 1 मे ला नातवाला घेऊन सीताबर्डीचा किल्ला पाहायला गेलो होतो, कारण किल्ला मिलिटरीकडे आहे आणि आपल्यासारख्यांसाठी 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट असा तीनच दिवस उघडतो. लाईनमध्ये आमच्या पुढे एक फॅमिली होती, त्यातले वडील मुलांना सांगून राहिले होते की हा भोसल्यांनी बांधलेला किल्ला. मला राहवलं नाही, मी म्हटलं दादा, हा किल्ला इंग्रजांनी भोसल्यांशी झालेली 1817 ची लढाई जिंकल्यावर बांधला, त्याआधी इथे नुसत्या दोन टेकड्या होत्या, एक मोठी एक छोटी. त्यांना खरंच वाटेना. त्यात त्यांची काही चूक नाही, इतकी वर्षं शिकवताना मीसुद्धा ही लढाई एका ओळीत उरकत होतो आणि याचं मला आज फार वाईट वाटतं.

वर गेलं की त्या लढाईत मेलेल्या गोऱ्यांच्या कबरी दिसतात. आपल्या बाजूने जे पडले त्यांचं काय? टेकडीच्या खाली रोज हजारो लोक जातात, टेकडीच्या गणपतीला, स्टेशनला, मेट्रोला, मोरभवनला, पण इथे 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला नागपूरचं राज्य वाचवायला लोक लढले हे सांगणारा एक फलक मला रस्त्यावरून आजवर दिसला नाही.

आता थोडं सांगतोच. 1816 मध्ये नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, म्हणजे इंग्रजांची फौज आपल्या राज्यात ठेवून घेतली, आणि फौजेचा खर्च पण आपल्याच गळ्यात आला. मग नोव्हेंबर 1817 मध्ये तिकडे पुण्याजवळ खडकीला पेशव्यांचं इंग्रजांशी युद्ध सुरू झालं, इकडे पेशव्यांकडून आलेली मानाची वस्त्रं आप्पासाहेबांनी रेसिडेंट (म्हणजे नागपूर दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) जेनकिन्सचा विरोध असताना उघडपणे दरबारात घेतली. जेनकिन्सने आपली फौज टेकड्यांवर चढवली आणि 26 च्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तो रात्रभर. सकाळी भोसल्यांच्या चाकरीतल्या अरबांनी छोटी टेकडी घेतली, तिथून मोठ्या टेकडीवर मारा सुरू झाला, इंग्रजांचं जवळजवळ संपलंच होतं. तेवढ्यात कॅप्टन फिट्झजेराल्डने घोडेस्वार घेऊन जोराचा हल्ला केला आणि डाव फिरला, छोटी टेकडी परत इंग्रजांकडे गेली. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून तीनशेच्या वर होते म्हणजे लढाई किती अटीतटीची झाली बघा. आणि त्यांच्याकडून लढणारे बहुतेक आपलेच हिंदुस्थानी शिपाई, मद्रास आणि बंगालच्या पलटणींचे, त्यांना नंतर सीताबर्डीच्या नावाचा रणसन्मानही मिळाला. त्यांचा मान त्यांना मिळाला, मला त्याचा राग नाही. पण अरब, मराठे आणि बाकीचे जे समोरून लढले त्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही.

आणि लढाई तिथे संपली पण नाही हो. आप्पासाहेब डिसेंबरमध्ये इंग्रजांच्या छावणीत शरण गेले तरी अरबांनी शहर सोडलं नाही, 24 डिसेंबरला जुम्मा दरवाजावर, म्हणजे आपल्या आजच्या गांधी गेटवर, इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवून लावला. मी लहानपणापासून त्या गेटखालून जातो, मला हे कॉलेजात गेल्यावर कळलं!

आप्पासाहेब काही देव नव्हते, त्यांच्या आधी गादीवर असलेल्या चुलतभावाच्या, परसोजींच्या मृत्यूचा डाग त्यांच्या नावावर आहे. पण 1818 मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटून ते पचमढीकडच्या महादेवाच्या डोंगरात गेले, तिथे हर्रईच्या चैन शहासारख्या गोंड जमीनदारांनी त्यांना साथ दिली आणि इंग्रजांशी लढले. आप्पासाहेब शेवटी 1840 मध्ये जोधपूरला वारले, परत नागपूर दिसलं नाही. 1854 मध्ये राज्यही खालसा झालं. गोंडांचं हे लढणं तर आमच्या पुस्तकांत कुठेच नव्हतं.

माझी मागणी साधी आहे. टेकडीच्या पायथ्याशी किंवा झिरो माईलजवळ, मिलिटरीच्या हद्दीबाहेर, मनपाने एक दगडी स्मारक उभारावं, त्यावर मराठीत, हिंदीत आणि गोंडीत या लढाईची हकीगत लिहावी. नावं सगळी मिळणार नाहीत, चालेल. आणि मिलिटरीच्या साहेबांना हात जोडून विनंती की वर्षातला चौथा दिवस म्हणून 26 नोव्हेंबरला किल्ला उघडावा. 23 नोव्हेंबरला इथेच गोवारी शहीद स्मारकावर दूरदूरच्या गावांहून लोक येतात, 1994 मध्ये गोवारींच्या मोर्चातल्या चेंगराचेंगरीत गेलेल्या 114 जणांना आठवतात, मी दरवर्षी पाहतो, मन भरून येतं. 26 ला संविधान दिन असतो, संविधान चौकात शाळांची पोरं सकाळीच आलेली असतात, तिथून टेकडी पायी जाण्याइतकी जवळ आहे. मास्तरांनी त्यांना तसंच इकडे आणावं, परवानगी मिळाली तर पहिल्या वर्षी सांगायला मी स्वतः गेटवर उभा राहतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, महाल, नागपूर