‘रखेल’ नव्हे, दर्जाची राणी

महोदय,

चीनच्या छिंग या मांचू घराण्यातील सम्राटांच्या उपपत्न्यांना मराठीत सर्रास ‘रखेल’ म्हटले जाते, ते चुकीचे आहे. आठ ‘बॅनरां’त (मांचू राजवटीच्या लष्करी-प्रशासकीय विभागांत) नोंदलेल्या घराण्यांतील मुलींना, बहुधा तेराव्या-चौदाव्या वर्षी, दरबारी निवडीसाठी हजर करणे सक्तीचे होते आणि निवड झालेल्या मुलीला ठरीव श्रेणी, वार्षिक तनखा व दासी मिळत. ही श्रेणी मात्र क्षणात काढूनही घेतली जाई.

सम्राट क्वांग-शूची लाडकी उपपत्नी चन हिचे उदाहरण बोलके आहे. 1889 मध्ये ती थोरल्या बहिणीसह राजवाड्यात आली. 1894 मध्ये तिला बढती मिळाली आणि त्याच वर्षी, पदांच्या विक्रीत हात असल्याच्या आरोपावरून, राजमाता त्सशीने तिची श्रेणी उतरवली. सम्राटाने 1898 मध्ये आरंभलेल्या राज्यसुधारणा फसल्यावर तिला कोंडून ठेवण्यात आले. ऑगस्ट 1900 मध्ये परकीयांविरुद्धचे ‘बॉक्सर’ बंड मोडण्यासाठी आठ राष्ट्रांच्या फौजा (त्यांत ब्रिटिशांच्या हिंदी पलटणीही होत्या) पेकिंगमध्ये (आजच्या बीजिंगमध्ये) शिरल्या, दरबार पळाला आणि चनचा अंत राजवाड्यातल्याच एका विहिरीत झाला. तिला त्सशीच्या हुकमाने ढकलण्यात आले, असेच बहुतेक वृत्तांत सांगतात. ती विहीर आजही पर्यटकांना दाखवतात. तिचे तोंड इतके अरुंद आहे की पाहणारा चकित होतो.

— एक वाचक